खोलणारा आणि जोडणारा : ब्रूस मॅक्लारेन

हॉस्टेलच्या निम्म्या रूम्समध्ये भिंतीवर कुठली ना कुठली रेसिंग कार चिकटवलेली असतेच. त्यामुळे मॅक्लारेन हे नाव आपल्याला नवीन नाही. २०२४ साली फॉर्म्युला वनची कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप याच टीमने जिंकली. पण मॅक्लारेन हे टीमचं नाव होण्याआधी एका मुलाचं आडनाव होतं. त्या मुलाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता आणि तो आपल्यासारखाच इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

ब्रूस मॅक्लारेनचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात झाला. वडील लेस यांचा पेट्रोल पंप होता आणि सोबत गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप. तरुणपणी ते स्वतः मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचे. थोडक्यात काय, स्पॅनर आणि ग्रीस घरातच होतं.

पण नवव्या वर्षी ब्रूसला पर्थेस नावाचा आजार झाला. यात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरत नाही आणि खुब्याचा सांधा झिजायला लागतो. खेळण्या-बागडण्याच्या वयात जवळजवळ दोन वर्षं पाय ट्रॅक्शनमध्ये बांधून त्याला पडून राहावं लागलं. तो बरा झाला, पण डावा पाय कायमचा आखूड राहिला. चालताना थोडं लंगडणं आलं ते आयुष्यभरासाठी. रग्बीवेड्या देशातल्या मुलासाठी मैदान जवळपास बंदच झालं म्हणायचं. उघडं राहिलं ते वडिलांचं वर्कशॉप.

१९५०च्या सुमारास लेस यांनी ११० पौंडांना एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. १९२९ची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर. घेतली म्हणजे काय, सुट्या भागांत घरी आणली! नीट जोडायची आणि नफ्यात विकायची, असा त्यांचा साधा हिशेब. पण पोराने हट्ट धरला की ही विकायची नाही. बापलेकांनी मिळून ती जोडली आणि ब्रूसचं खरं शिक्षण इथे सुरू झालं.

या गाडीचं इंजिन मेकॅनिकलवाल्यांनी समजून घेण्यासारखं आहे. चार सिलिंडर, एकूण फक्त ७४७ सीसी. आज आपल्याकडच्या काही मोटारसायकलींची इंजिनं याहून मोठी असतात. क्रँककेस ॲल्युमिनियमची, त्यावर ओतीव लोखंडाचा सिलिंडर ब्लॉक आणि वर सुटं होणारं हेड. क्रँकशाफ्टला मेन बेअरिंग दोनच, एक पुढे आणि एक मागे. मध्ये आधार नाही. त्यामुळे आरपीएम वाढले की शाफ्ट मधोमध लवायचा. रेसिंगसाठी हे इंजिन पिळून काढणाऱ्याला ते केव्हाही खोलायची तयारी ठेवावीच लागे.

बरं, इंजिन छोटं असल्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये ते काढणं अशक्य नव्हतं. आधी पाणी आणि ऑइल काढायचं. मग रेडिएटर, पाइप, वायरी, एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर एकेक करून सोडवायचं. चासीचे बोल्ट खोलायचे आणि इंजिन उचलून बाकड्यावर घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. खरी परीक्षा पुढे असते. कुठला नट कुठून निघाला, कुठल्या पिस्टनची कुठली रॉड, कुठला शिम कुठे होता, हे लक्षात नाही ठेवलं तर जोडताना देवच आठवतो.

शिवाय हे साइड व्हॉल्व्ह इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये बाजूला. मग हेड म्हणजे जवळपास झाकणच. व्हॉल्व्ह घासून नीट बसवायचे, कार्बन खरवडायचा हे तर नेहमीचंच. पण हेडच्या आतल्या पोकळीचा आकार बदलला की कॉम्प्रेशन बदलतं आणि गाडी वेगळीच पळायला लागते. जे आपण आय.सी. इंजिन्सच्या पेपरला ग्राफ काढून दाखवतो, ते या मुलाने कानाने आणि हाताने ओळखलं. १९५२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, हीच गाडी घेऊन तो डोंगरचढणीच्या शर्यतीत उतरला.

पुढे ऑस्टिन-हीली आली, मग कूपर आली. ऑकलंड विद्यापीठात इंजिनिअरिंगचा अभ्यासही सुरू होता. १९५८ साली न्यूझीलंडच्या रेसिंग संघटनेने तरुण ड्रायव्हरला युरोपला पाठवायची योजना काढली आणि पहिली निवड झाली ब्रूसची. डिग्री अर्धवट राहिली. इंग्लंडमध्ये कूपरच्या कारखान्यातही तो फक्त हेल्मेट घालून गाडीची वाट बघणारा ड्रायव्हर नव्हता. हत्यारं त्याच्या हातात असायचीच.

१२ डिसेंबर १९५९. अमेरिकेतलं सेब्रिंग. शेवटच्या लॅपला पुढे असलेल्या जॅक ब्रॅबमचं पेट्रोल संपलं आणि त्याच्या टीममधला ब्रूस पुढे निघून पहिला आला. वय फक्त २२ वर्षं! इंडियानापोलिसची शर्यत वगळली तर एवढ्या लहान वयात ग्रां प्री जिंकायचा विक्रम थेट २००३ मध्ये फर्नांडो अलोन्सोने मोडला.

१९६३ मध्ये त्याने स्वतःची टीम काढली. ऑफिस वगैरे काही नाही. लंडनजवळ न्यू मॉल्डनमध्ये मातीच्या जमिनीची एक शेड, तीही रस्ते सपाट करणाऱ्या यंत्राच्या शेजारी. पुढच्या वर्षी त्याने रॉजर पेन्स्केची झेरेक्स स्पेशल ही गाडी विकत घेतली. तिचं क्लायमॅक्स इंजिन काढून ओल्ड्समोबिलचं ॲल्युमिनियम व्ही-८ बसवलं आणि त्यासाठी चासीचा मधला भागच नवीन केला. त्याच गाडीने कॅनडात मोसपोर्टची शर्यत जिंकली. लहानपणी पंपामागे जे केलं, तेच आता मोठ्या इंजिनावर!

त्याचं डोकं कसं चालायचं याचा एक किस्सा सांगतो. एका गाडीची चाचणी घेताना पेट्रोल भरायच्या तोंडावरचं छोटं झाकण सारखं फडफडत होतं. दुसरा कुणी वैतागून चिकटपट्टी लावून मोकळा झाला असता. ब्रूसने विचार केला की वेग वाढल्यावर हवेने हे झाकण दाबून बसायला हवं, मग उलटं उडतंय कशाला? म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे. हवा आत कोंडतेय. पिटमध्ये येऊन त्याने कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागचा पत्रा कापून हवेला वाट करून दिली. गाडी लगेच आणखी वेगात फिरायला लागली. बर्नुली आपण सगळ्यांनीच पाठ केलाय, पण तो असा दिसायला हवा ना!

१९६६ मध्ये ख्रिस एमनसोबत त्याने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. १९६८ मध्ये बेल्जियमची ग्रां प्री त्याने स्वतःचं नाव असलेल्या गाडीत जिंकली. १९६९च्या कॅन-ॲम मालिकेत तर कहरच झाला. ११ पैकी ११ शर्यती त्याच्या टीमच्या. सहा त्याच्या, पाच डेनी हल्मच्या.

आणि मग २ जून १९७०. इंग्लंडमधल्या गुडवुड ट्रॅकवर तो नव्या एम-८-डी गाडीची चाचणी घेत होता. सरळ रस्त्यावर भरधाव असताना मागची बॉडी सुटून उडाली. गाडीला जमिनीवर दाबून धरणारा हवेचा जोर गेला, ती गरगर फिरली आणि ट्रॅकलगतच्या पक्क्या बांधकामावर आदळली. ब्रूस जागीच गेला. वय ३२. अवघ्या बारा दिवसांनी मोसपोर्टला त्याच्या टीमच्या गाडीतून डॅन गर्नी पहिला आला. माणसं रडत बसली नाहीत, कामाला लागली.

या शेवटाकडे पाठ फिरवून त्याची गोष्ट सांगता येत नाही. ज्याने आयुष्यभर गाड्या खोलल्या आणि जोडल्या, त्याचा जीव गाडीचा एक भाग सुटल्यामुळे गेला. खोलण्यात मजा आहे, पण जबाबदारी जोडण्यात आहे. आपण वर्कशॉपमध्ये जॉब घासतो तो सबमिशनसाठी, सरांच्या सहीसाठी. उद्या आपण घट्ट केलेल्या बोल्टवर कुणीतरी बसून वेगाने जाणार आहे, हे जर्नलमध्ये लिहिलेलं नसतं.

ब्रूससारखं कॉलेज सोडा असं अजिबात म्हणायचं नाही (घरचे मारतील!). पण सुट्टीत घरी गेल्यावर बाबांची जुनी स्कूटर कोपऱ्यात दिसलीच, तर एकदा हात काळे करून बघा. प्रत्येक नट कुठून निघाला ते मात्र लिहून ठेवा. ती छोटी ऑस्टिन अजूनही आहे. इंग्लंडमध्ये वोकिंगला, मॅक्लारेनच्या मुख्यालयात, करोडोंच्या रेसिंग गाड्यांसोबत तिला मानाने ठेवली आहे.