बेथोव्हेनचे एक श्रोते : डॉ. होमी भाभा

देवळाच्या महोत्सवप्रसंगी गायनवृंदात गाणाऱ्यांचे व पेटी वाजविणाऱ्यांचे स्मरण होते, आणि ते योग्यच होय. परंतु बाकांवर बसून केवळ ऐकणारे जे बहुसंख्य लोक, त्यांच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. ऐकणे म्हणजे काहीच न करणे, असा आपला समज झालेला असतो. हा समज किती चुकीचा आहे, हे ज्यांच्या आयुष्याकडे पाहिले असता कळते, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत. ते पुरुष म्हणजे भारतातील अणुशक्तीच्या कार्याचे जनक डॉ. होमी जहांगीर भाभा. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव आमच्या सुलतानपुरातील शाळकरी मुलांनाही शिकविले जाते. परंतु ते बेथोव्हेनच्या संगीताचे निस्सीम प्रेमी होते, आणि आयुष्यातील एका अवघड प्रसंगी त्यांनी त्या संगीतकाराचेच उदाहरण पुढे केले, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाही.

प्रथम बेथोव्हेनविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जर्मनीतील बॉन शहरी १७ डिसेंबर १७७० रोजी त्यांचा कॅथोलिक देवळात बाप्तिस्मा झाला. कोलोनच्या आर्चबिशपांच्या दरबारातील प्रार्थनामंदिरात कोवळ्या वयातच ते ऑर्गन वाजवू लागले. पुढे व्हिएन्ना ही त्यांची कर्मभूमी झाली. ऐन तारुण्यात त्यांचे कान जाऊ लागले, तरी लेखणी थांबली नाही. त्यांची नववी सिंफनी व्हिएन्नात १८२४ साली प्रथम वाजली, तेव्हा ते जवळजवळ पूर्ण बहिरे होते. 'मिस्सा सोलेम्निस' हे पवित्र मिस्साचे भव्य संगीतही त्यांनी अशाच अवस्थेत पुरे केले. १८२७ साली अंतिम संस्कार घेऊन त्यांनी देह ठेवला. ज्याने संगीत रचिले त्याला ते कानांनी ऐकता आले नाही. ते ऐकण्याचे काम त्याने जणू आपणां सर्वांवर सोपविले.

हे काम मनोभावे करणाऱ्यांपैकी भाभा हे एक होत. त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीरजी हे कायदेपंडित. माता मेहेरबाई ह्या पेटीट घराण्याशी नाते असलेल्या. घरी ग्रंथांचा मोठा संग्रह होता, आणि मावशीकडे पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचा. बेथोव्हेन, मोझार्ट, बाख, हायडन ही नावे होमी व त्यांचे धाकटे बंधू जमशेद ह्यांच्या कानी बालपणापासून पडली.

त्या काळचे हे ऐकणे सोपे नव्हते, हे आजच्या तरुणांनी ध्यानात घ्यावे. तबकडीच्या एका बाजूवर चारपाच मिनिटांचेच वादन मावत असे. बर्लिनच्या वाद्यवृंदाने १९१३ साली बेथोव्हेनची पाचवी सिंफनी ध्वनिमुद्रित केली, तिला आठ बाजू लागल्या. म्हणजे संगीत रंगात यावे, तोच ते थांबावे. कोणी उठून तबकडी उलटावी, यंत्राला चावी द्यावी, आणि तेवढा वेळ तुटलेला धागा ऐकणाऱ्याने मनात धरून ठेवावा. अशा ऐकण्याने चित्ताला एकाग्रतेचे जे वळण लागते, ते गणिताच्या अभ्यासकाच्या किती उपयोगी पडले असेल, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

सन १९२७ मध्ये भाभा केंब्रिजला यंत्रशास्त्र शिकण्यास गेले. सर दोराबजी टाटा हे त्यांच्या आतेचे यजमान. होमीने अभियंता होऊन परत यावे व जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात मोठे पद सांभाळावे, असा वडीलधाऱ्या मंडळींचा बेत होता. बेत प्रेमाचाच होता, आणि मुलाचे भवितव्य त्यात सुरक्षित होते. परंतु केंब्रिजला त्या काळी पदार्थविज्ञानात नवे युग उगवत होते, आणि तरुण भाभांचे मन तिकडे ओढले गेले. वडिलांचा शब्द मोडावा, तर कुटुंबाचा विश्वास जातो; पाळावा, तर अंतरीची हाक दडपावी लागते. अशा पेचात ते सापडले.

१९२८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी वडिलांना एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी बेथोव्हेनचा दाखला दिला. विज्ञान ही मोठी गोष्ट आहे, म्हणून तू वैज्ञानिक हो, असे बेथोव्हेनला सांगून काय साधले असते? ज्याचा पिंडच संगीताचा, त्याला दुसऱ्या कामास जुंपणे सृष्टिनियमाविरुद्ध होय. तसेच आपलेही आहे, असे त्यांनी नम्रपणे परंतु ठामपणे कळविले, आणि पदार्थविज्ञान शिकू द्यावे अशी कळकळीची विनंती केली. अठरा वर्षांच्या मुलाला मोठे वकीलपत्र कोठून मिळणार? त्याने आपल्या लाडक्या संगीतकारालाच वकील केले.

वडिलांनी हट्ट धरला नाही, की एकदम मोकळीकही दिली नाही. यंत्रशास्त्राची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण हो, मग गणितासाठी आणखी राहा, अशी अट त्यांनी घातली. पुत्राने १९३० साली अट पुरी केली. पित्याने आपले वचन पाळले. आणि १९३२ साली गणिताची परीक्षाही प्रथम वर्गात पार पडली. आज्ञाधारकपणा आणि स्वधर्म ह्यांचा असा मेळ क्वचितच पाहावयास मिळतो.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १९३७ साली हाइटलर ह्यांच्यासह विश्वकिरणांविषयी मांडलेल्या उपपत्तीने त्यांचे नाव जगभर झाले. केंब्रिजला असतानाच मोझार्टच्या 'इडोमेनेओ' ह्या संगीतनाटकासाठी त्यांनी रंगमंचाची सजावट आखून दिली. १९३९ साली ते सुट्टीवर मायदेशी आले असता महायुद्ध पेटले, आणि ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. तिचे मुंबईतील पहिले घर म्हणजे पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' बंगला, जेथे भाभांचा जन्म झाला होता. १९४८ साली ते अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. एवढ्या व्यापातही चित्रकला आणि संगीत त्यांनी सोडले नाही. कला ही फावल्या वेळची करमणूक नसून जीवनाचे प्रयोजनच होय, अशी त्यांची धारणा होती.

२४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या सभेस निघाले असता त्यांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि विमानातील सर्व ११७ जणांचा अंत झाला. भाभांचे वय ५६ वर्षांचे होते. ज्या नगरीत बेथोव्हेनची नववी सिंफनी प्रथम वाजली, त्याच नगरीच्या वाटेवर ह्या श्रोत्याची यात्रा संपली.

तथापि ऐकणे तेथे संपले नाही. बंधू जमशेद ह्यांनी १९६९ साली मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स ही संस्था उभी केली. तेथे २००६ साली भारताचा स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद स्थापन झाला. मलबार हिलवरील भाभांचा 'मेहरांगीर' बंगला जमशेद ह्यांनी मृत्युपत्राने ह्याच संस्थेस दिला होता. २०१४ साली तो ३७२ कोटी रुपयांस विकला गेला. अशा रीतीने एका श्रोत्याचे घर पुढच्या श्रोत्यांच्या कामी आले.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या मुलांपैकी एखादे पुस्तक बाजूस ठेवून पेटीजवळ घुटमळते, दुसरे यंत्राचे सुटे भाग जमविते, तिसरे नुसतेच कान देऊन ऐकत बसते. त्यांच्यासाठी बेत ठरविण्यापूर्वी आपण एकदा त्या पत्राचे स्मरण करावे, आणि जहांगीरजींप्रमाणे अट घालावयाची ती घालून, दिलेला शब्द पाळावा, इतकीच आमची विनंती आहे.