डोरोथी हॉजकिन : प्रथिनांच्या रचनेचा शोध

डोरोथी हॉजकिन यांचा जन्म १९१० साली कैरो येथे झाला. इंग्लंडमधील त्यांच्या शाळेत रसायनशास्त्र मुलांनाच शिकविले जाई. तो वर्ग अवघ्या दोन मुलींसाठी खुला झाला, त्यांपैकी एक डोरोथी होत्या.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती कशी वळते आणि कोणते बंध तिला धरून ठेवतात, यावर तिचे कार्य ठरते. १९३४ साली केंब्रिज येथे बर्नाल यांच्यासमवेत त्यांनी पेप्सिनच्या स्फटिकाचे क्ष-किरण छायाचित्र मिळविले. त्याच वर्षी त्यांना संधिवात जडला. पुढे बोटे वाकली. काम थांबले नाही.

पेनिसिलिन व जीवनसत्त्व ब-१२ यांच्या रचना उलगडल्याबद्दल १९६४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. तरुणपणी हाती घेतलेले इन्सुलिन मात्र बाकी होते. त्यात ५१ अमिनो आम्ले असतात आणि त्यांच्या दोन साखळ्यांना गंधकाचे दोन बंध सांधतात. त्याची त्रिमितीय रचना सहकाऱ्यांसह त्यांनी १९६९ साली, तीन दशकांहून अधिक परिश्रमांनंतर, सिद्ध केली. १९९४ साली त्यांचे निधन झाले.

त्या वर्गाचे दार बंदच राहिले असते, तर हानी एकट्या डोरोथींची झाली नसती. अवघे जग एका थोर शास्त्रज्ञेला मुकले असते.