गांधीजींनी सांगितलेली सिंगरची प्रेमकहाणी खरी नव्हती, तरी त्याचं शिलाई मशीन घराघरात कसं पोहोचलं?

घर दोन खोल्यांचं असलं तरी शिलाई मशीनची जागा ठरलेली असते. बहुतेकदा खिडकीपाशी, उजेडात. काम नसलं की त्यावर एक कापड टाकायचं, आणि मग त्या कापडावर इस्त्रीचे कपडे नाहीतर मुलांची दप्तरं. घरात असं यंत्र ठेवायची सवय ज्याच्या नावाशी जोडली गेली, तो माणूस म्हणजे आयझॅक मेरिट सिंगर.

महात्मा गांधींचा यंत्रांना असलेला विरोध सगळ्यांना माहीत आहे. पण १९२४ मध्ये एका संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. बायको हाताने टाके घालून दमते हे सिंगरला बघवलं नाही आणि केवळ तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने मशीन बनवलं, असं गांधीजी म्हणाले होते. गोष्ट गोड आहे. अडचण एवढीच की सिंगरच्या आयुष्याशी ती कुठेच जुळत नाही.

सिंगरचा जन्म १८११ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. बाराव्या वर्षी तो घरातून पळाला. पुढे यंत्रांच्या कारखान्यात हात काळे केले, पण खरी ओढ नाटकाची. १८३९ मध्ये खडक फोडायच्या यंत्राचं पेटंट विकून त्याला २००० डॉलर मिळाले, तेव्हा त्याने चक्क स्वतःची नाटक कंपनी काढली. पैसे संपले आणि कंपनीही.

१८५० मध्ये तो बॉस्टनला होता. लाकडी अक्षरं कोरायचं त्याचं यंत्र कोणी घेत नव्हतं. ज्या ऑर्सन फेल्प्सच्या वर्कशॉपमध्ये तो बसायचा, तिथे सतत बिघडणारी शिलाई मशीनं दुरुस्तीला यायची. म्हणजे शिलाई मशीन आधीपासून होतंच, सिंगरने ते शोधलं नाही. त्याने शटल गोल फिरवण्याऐवजी सरळ मागेपुढे नेलं, वाकडी सुई काढून सरळ सुई उभी लावली, कापड दाबून धरायची सोय केली. पायाने चालवायचं पायडल आलं आणि शिवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे झाले. त्याच्याच सांगण्यानुसार हे सगळं ११ दिवसांत आणि उसन्या ४० डॉलरमध्ये झालं.

१८५१ मध्ये पेटंट मिळालं आणि भांडणंही सुरू झाली. दोन धाग्यांच्या टाक्याचं पेटंट एलियास होवकडे १८४६ पासून होतं. १८५४ मध्ये सिंगरला त्याला १५ हजार डॉलर मोजावे लागले. दोन वर्षांनी मोठ्या उत्पादकांनी आपापली पेटंट एकत्र केली, तेव्हा कुठे कोर्टकचेऱ्या थांबल्या.

आता प्रश्न होता, हे धूड घरात ठेवायचं कुठे? सुरुवातीचं मॉडेल कारखान्याला शोभेल असं अवजड. मात्र ज्या लाकडी खोक्यातून ते यायचं, तेच त्याचं टेबल व्हायचं. वेगळं फर्निचर घ्यायला नको. १८५६ मध्ये खास घरासाठी लहान मॉडेल आलं. पुढे काम झाल्यावर मशीन आत घालून बंद करता येईल अशी कपाटंही निघाली. बंद केलं की ते साधं टेबलच.

जागेपेक्षा मोठी अडचण पैशांची होती. मशीन शंभर डॉलरच्या घरात आणि सामान्य अमेरिकन कुटुंबाची कमाई वर्षाला ५०० डॉलरच्या आसपास. इथे कामाला आला सिंगरचा भागीदार, वकील एडवर्ड क्लार्क. थोडे पैसे आधी भरा, मशीन घरी न्या, बाकीचे हप्त्याने द्या, ही योजना त्याने १८५६ मध्ये आणली. त्या वर्षी अडीच हजारांच्या आसपास मशीनं बनली, १८६० मध्ये १३ हजार. बायकांना मशीन झेपेल का, असा प्रश्न तेव्हा गंभीरपणे विचारला जायचा. म्हणून शोरूममध्ये तरुणींनाच ते चालवून दाखवायला बसवलं जाई.

फायदा किती होता? त्या काळच्या एका मोजणीनुसार पुरुषाचा शर्ट हाताने शिवायला साडेचौदा तासांच्या आसपास लागायचे. मशीनवर सव्वा तास.

आणि सिंगरची बायको? मशीन बनवलं तेव्हा पहिल्या पत्नीशी त्याचा कायदेशीर घटस्फोटही झालेला नव्हता. तो मेरी अ‍ॅन स्पॉन्सलरसोबत राहत होता, तिच्यापासून त्याला दहा मुलं झाली, पण तिच्याशी रीतसर लग्न त्याने केलं नाही. १८६० मध्ये तिने त्याला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दुसऱ्याच बाईसोबत पाहिलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. सिंगर युरोपला निघून गेला. पाच स्त्रियांपासून मिळून त्याला दोन डझनांच्या आसपास मुलं होती. मर्यादा पाळणाऱ्या गिऱ्हाइकांना मशीन विकणाऱ्या क्लार्कला या बातम्या परवडणाऱ्या नव्हत्या. १८६३ मध्ये नवी कंपनी उभी राहिली ती दोघांपैकी कोणीच अध्यक्ष होणार नाही, या बोलीवर.

सिंगरने त्याच वर्षी इझाबेला बोयेरशी लग्न केलं. पुढे तो इंग्लंडमध्ये पेंटनला स्थायिक झाला आणि तिथे प्रचंड वाडा बांधायला काढला. वाडा पूर्ण व्हायच्या आतच, २३ जुलै १८७५ रोजी तो वारला. मागे कोट्यवधी डॉलरची मालमत्ता राहिली आणि त्यावरून वारसांची भांडणं.

कंपनी मात्र पसरत गेली. भारतातला कारभार बरीच वर्षं मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल पाहत. हप्त्याची पद्धत इथेही आली. आणि ज्यांच्याकडे पायमशीनला कोपरा नव्हता, त्यांच्यासाठी हातमशीन होतंच. जमिनीवर बसून शिवायचं आणि झालं की उचलून फळीवर ठेवायचं.