बंबवाल्या प्रोफेसरची गोष्ट

मेकॅनिकलच्या लॅबमध्ये जंकर्स गॅस कॅलरीमीटर नावाचं एक उभं नळकांडं असतं. जर्नलमध्ये त्याची आकृती काढायची, निरीक्षणांचा तक्ता भरायचा, सही घ्यायची, संपला विषय! हा जंकर्स कोण, असं व्हायवात कुणी विचारत नाही. विमानांचं वेड असलेल्या मुलांना हेच नाव दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांमुळे माहीत असतं. आणि जर्मनीत गेलेल्या सीनियर्सना ते आठवतं घरातल्या भिंतीवर टांगलेल्या, गरम पाणी देणाऱ्या पेटीवरून. मला आधी वाटलं, हे तीन वेगवेगळे लोक असतील. पण वाचत गेले तसं कळलं की माणूस एकच आहे. नाव ह्यूगो युंकर्स. जर्मन उच्चारात ज नाही, य. आपल्याकडे मात्र त्याचा जंकर्स झाला तो झालाच!

युंकर्सचा जन्म ३ फेब्रुवारी १८५९ रोजी जर्मनीतल्या ऱ्हाइट गावी झाला. वडिलांची कापडाची गिरणी होती, म्हणजे घरात यंत्रांचा खडखडाट लहानपणापासून. बर्लिन, कार्ल्सरूह आणि आखेन अशा तीन ठिकाणी शिकून १८८३ मध्ये तो इंजिनिअर झाला. आपल्यापैकी बरेच जण डिग्री हातात पडली की पुस्तकं ज्युनिअर्सना विकून मोकळे होतात. हा गडी मात्र काही दिवस नोकरी करून पुन्हा बर्लिनला परतला आणि प्रोफेसर स्लाबी यांच्याकडे उष्णतेचा आणि विजेचा अभ्यास करू लागला.

स्लाबींमुळेच त्याला १८८८ मध्ये डेसाऊ शहरातल्या गॅस कंपनीत काम मिळालं. तिथे ओशेलहॉयझर नावाच्या इंजिनिअरबरोबर तो मोठं गॅस इंजिन बनवत होता. एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन पिस्टन, अशी त्याची रचना. इंजिन तर झालं, पण त्याची एफिशियन्सी काढायची कशी? त्यासाठी गॅस जळल्यावर नेमकी किती उष्णता देतो हे कळायला हवं, आणि ते पटकन मोजायचं सोयीचं साधन हाताशी नव्हतं. मग काय, पठ्ठ्याने साधनच बनवलं. १८९२ मध्ये त्याने कॅलरीमीटरचं पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी ते उपकरण शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडलं गेलं.

त्याची युक्ती अगदी सोपी आहे. गॅस जळतो, त्याच्या भोवतीने पाणी सतत वाहतं. पाणी किती वाहिलं, आत शिरताना त्याचं तापमान किती होतं, बाहेर पडताना किती झालं आणि तेवढ्या वेळात गॅस किती जळला, एवढंच मोजायचं. गॅसची उष्णता पाण्यात गेली, पाण्याने हिशोब दिला. बस्स.

आता खरी गंमत पाहा. दुसरा कुणी असता तर आकडे लिहून उपकरण पुसून ठेवलं असतं. युंकर्सचं लक्ष गेलं ते मोजून झाल्यावर वाहून जाणाऱ्या पाण्याकडे. ते गरम होतं! ज्या उपकरणातून उष्णता जवळजवळ वाया जात नाही, ते नुसतं मोजमापाचं साधन कशाला राहावं? ते तर उत्तम बंब होऊ शकतं. १८९४ मध्ये त्याने गॅसवर चालणाऱ्या बंबाचं पेटंट घेतलं आणि १८९५ मध्ये लुडविग नावाच्या भागीदाराबरोबर डेसाऊमध्ये युंकर्स अँड कंपनी सुरू केली.

आजीच्या घरचा तांब्याचा बंब काहींनी पाहिला असेल. मधल्या नळीत लाकडं आणि शेणी, भोवती पाणी, आणि अर्धा तास डोळ्यांत धूर. त्यात पाणी साठवून तापवतात. युंकर्सच्या बंबात पाणी साठतच नाही, वाहता वाहता तापतं. आपला गॅस गीझर याच कुळातला. युरोपातल्या घरांत जो कॉम्बी बॉयलर असतो तोही याच कुळातला, फक्त तो दोन नोकऱ्या करतो. एरवी तो खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवतो, आणि कुणी गरम पाण्याचा नळ सोडला की तीच उष्णता नळाच्या पाण्याकडे वळवतो.

अशा बॉयलरमधून गरम पाणी येईनासं झालं तर काय करायचं? माझ्या मते इथे युंकर्सचा कॅलरीमीटरच गुरू. आधी मोजा, मग दोष द्या. साधारण २४ किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर घ्या. तो मिनिटाला सुमारे १० लिटर पाण्याचं तापमान ३५ अंशांनी वाढवतो. तिकडे हिवाळ्यात नळाचं पाणी ५ अंशांवर आलं, तर अंघोळीला ४० अंशांचं पाणी मिळेल. पण दोन नळ एकदम सोडून २० लिटर ओढायला गेलात, तर वाढ उरते जेमतेम १७ अंश. म्हणजे पाणी २२ अंशांचं, आणि सगळे म्हणणार बॉयलर बिघडला! बिघडलेलं काहीच नसतं, मागणीच जास्त असते. बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजलं आणि थर्मामीटर धरला की हे कळतं.

खरा बिघाडही असाच एकेक शक्यता खोडत सापडतो. रेडिएटर गरम आहेत, पण नळ गार? म्हणजे गॅस, बर्नर, पंप ठीक आहेत. संशय जातो उष्णता नळाकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हवर, नाहीतर नळ सुटल्याची खबर देणाऱ्या फ्लो सेन्सरवर. दोन्ही गार? मग वीज, गॅस आणि प्रेशरचा काटा बघा. तो फार खाली गेला असेल तर बरेच बॉयलर पेटतच नाहीत. पाणी एकदा कडकडीत, एकदा गार, असा लपंडाव चालला असेल तर हीट एक्स्चेंजरमध्ये क्षारांचा थर साचलेला असू शकतो. उष्णता पाण्यात शिरत नाही, बॉयलर आतल्या आत तापतो, घाबरून बर्नर बंद करतो, निवला की पुन्हा पेटवतो. आणि मुळात धारच बारीक असेल तर आधी गाळणी आणि शॉवरची जाळी साफ करा. झाकण उघडून गॅसच्या भागाला हात मात्र फक्त जाणकार मेकॅनिकनेच लावायचा.

हॉस्टेलवाल्यांनो, हाच हिशोब आपल्यालाही लागू आहे बरं का. ३ किलोवॅटचा विजेचा इन्स्टंट गीझर पाणी २५ अंशांनी वाढवून मिनिटाला पावणेदोन लिटरच देऊ शकतो. रांगेतल्या शेवटच्या माणसाने कितीही शिव्या दिल्या तरी फिजिक्स ऐकत नाही! आणि गॅस गीझर असेल तर एक गोष्ट हिशोबापेक्षाही महत्त्वाची. बंद बाथरूममध्ये तो लावला तर हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आतच बेशुद्ध पडतो. आपल्याकडे थंडीत अशा बातम्या येतात. हल्लीचे कॉम्बी बॉयलर बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडतात, ते याच कारणासाठी.

असो. पुन्हा युंकर्सकडे येऊ. बंब चांगला खपला. १८९७ मध्ये तो आखेनला प्रोफेसर झाला आणि १९१२ पर्यंत शिकवत राहिला. एकीकडे कॉलेज, दुसरीकडे कारखाना. शिवाय घरात बारा मुलं! आखेनमध्येच राइस्नर नावाच्या सहकाऱ्याने विमान बनवायला घेतलं आणि पन्नाशीला आलेल्या युंकर्सला विमानांचं वेड लागलं. त्या काळात विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर कापड आणि बाहेरून आधाराच्या तारा. युंकर्सने १९१० मध्ये जाड पंखाचं पेटंट घेतलं. आधार आतच असेल तर बाहेर तारा कशाला, असा त्याचा विचार. आणि सांगाडा धातूचा, पत्राही धातूचा. पत्रा कापणं, वाकवणं, जोडणं हे तर बंबाच्या कारखान्यात रोजचंच काम होतं. पैसाही बंबाचाच.

१२ डिसेंबर १९१५ रोजी त्याचं जे १ हे विमान उडालं. संपूर्ण धातूचं आणि खरोखर उडणारं असं ते पहिलं विमान मानतात. लोक त्याला पत्र्याचं गाढव म्हणून चिडवत. पहिलं महायुद्ध चालू होतं, आणि पुढे युंकर्सच्या कारखान्याने जर्मन लष्करासाठी विमानं बनवली हे लपवण्यात अर्थ नाही. पण युद्ध संपताच त्याने प्रवाशांचं विमान हाती घेतलं. २५ जून १९१९ रोजी एफ १३ उडालं. चार प्रवासी, बंद केबिन आणि केबिनला हीटिंगसुद्धा! गरम पाण्याच्या माणसाला आणखी काय सुचणार? अशी तीनशेहून जास्त विमानं बनली. १९२८ मध्ये त्याच्याच कारखान्याच्या ब्रेमेन या विमानाने युरोपातून अमेरिकेकडे अटलांटिक न थांबता पार केला. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हे प्रथमच घडलं.

पण संशोधनाचा खर्च बेसुमार होता. मंदी आली, कर्ज चढलं. विमानांचं काम वाचवण्यासाठी युंकर्सने १९३२ मध्ये बंबांची कंपनी बॉशला विकली. ज्या दुभत्या गायीवर सगळं घर उभं होतं, तीच दावणीतून सोडली. आणि त्याची किंमत त्याला पुढच्याच वर्षी कळली.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. नव्या विमान खात्याला युद्धासाठी कारखाने हवे होते. युंकर्सचा कारखाना तर हवाच होता, पण लोकशाही विचारांचा, न वाकणारा म्हातारा नको होता. खात्यात सूत्रं हलवत होता एरहार्ड मिल्श. हा पूर्वी युंकर्सच्याच विमान वाहतूक कंपनीत नोकरीला होता! देशद्रोहाच्या खटल्याची धमकी देऊन युंकर्सकडून आधी पेटंट लिहून घेतली, मग कंपनीचे निम्म्याहून अधिक शेअर्स. त्याला डेसाऊमधून हाकललं. बव्हेरियात नजरकैदेत ठेवलं. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, बरोबर ७६ व्या वाढदिवशी, म्युनिकजवळच्या गाउटिंगमध्ये तो वारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्टुका बॉम्बर पहिल्यांदा उडालं. त्यावर नाव युंकर्सचंच.

मला हे फार लागलं. माणसाचं घर घेतलं, कारखाना घेतला, हे एक वेळ समजू शकतं. पण नावही घेतलं आणि त्याने ज्याला होकार दिला नव्हता अशा कामाला चिकटवलं! आज त्याचं नाव इंटरनेटवर शोधलं की आधी बॉम्बर दिसतात. बंब शोधावा लागतो.

पण बॉशने गरम पाण्याच्या उपकरणांवर हेच नाव पुढे कित्येक दशकं ठेवलं. बॉम्बर १९४५ मध्ये संपले. त्यानंतरही लाखो लोकांनी त्या नावाच्या पेटीतल्या पाण्याने अंघोळी केल्या, थंडीत बाळांना न्हाऊ घातलं. विकून टाकलेलं कामच शेवटी त्याच्या नावाला जागलं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, यापुढे लॅबमध्ये त्या नळकांड्यासमोर उभे राहाल तेव्हा फक्त सहीचा विचार करू नका. आणि गीझरचं पाणी गार आलं तर रेक्टरकडे धावण्याआधी बादली, घड्याळ आणि थर्मामीटर घ्या. आकडे लिहून तक्रार द्या. आकड्यांची तक्रार टाळणं कुणालाही जड जातं.

टी. ई. मेकॅनिकल