कारकुनाचा हिमालय

१९८९ साली मी आमच्या बँकेच्या पुण्यातल्या एका शाखेत लॉकरच्या किल्ल्या सांभाळायला होतो. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक गिऱ्हाइकाची. आपली फिरवायची आणि गिऱ्हाइकाला एकटं सोडून बाहेर यायचं, असा दंडक. एक वृद्ध गृहस्थ वर्षातून एकदा, दिवाळीच्या आगेमागे यायचे. त्या वर्षी त्यांनी मला थांबवून घेतलं. त्यांचा लॉकर मोठ्या मापाचा. दागदागिने निघतील असं वाटलं होतं, पण निघाला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक आल्बम. त्यांच्या आजोबांनी जुन्या बाजारात घेतलेला. आत तपकिरी झाक आलेले मोठाले फोटो होते. देवदारांच्या रांगा, नदीवरचे पूल, बर्फाचे डोंगर. बऱ्याच फोटोंच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात एक क्रमांक आणि एक इंग्रजी आडनाव कोरलेलं. आम्ही व्हाउचरवर नंबर घालतो ना, अगदी तसं. आडनाव होतं बोर्न.

पुढे कळलं की हा सॅम्युअल बोर्न बँकेतला कारकून होता. मग मात्र मी त्याचा पिच्छाच पुरवला.

त्याला कारण होतं. त्या दिवसांत माझ्या टेबलाच्या खणात माझाच राजीनामा लिहून पडलेला होता. वय एकोणतीस, एक अर्धवट कादंबरी, घरी आईचं आजारपण आणि धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं. दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा व्हायचा आणि तो कागद खणात आणखी खाली सरकायचा. असो.

बोर्नचा जन्म १८३४ च्या ऑक्टोबरचा. इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायर आणि श्रॉपशायर परगण्यांच्या सीमेवरच्या मकलस्टन गावचा शेतकऱ्याचा मुलगा. १८५५ च्या सुमारास तो नॉटिंगहॅमच्या मूर अँड रॉबिन्सन बँकेत लागला. फोटोग्राफीचा नाद त्याआधीच जडला होता. दिवसा खतावण्या आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा, असं सात वर्षं चाललं. तिथल्या फोटोग्राफिक सोसायटीत त्याची चित्रं लागली, या विषयावर तो व्याख्यानं देऊ लागला, आणि १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याचं काम मांडलं गेलं. मग या गृहस्थाने बँकेला रामराम ठोकला आणि बोटीत बसला. १८६३ च्या सुरुवातीला कलकत्त्यात उतरला तेव्हा त्याचं वय होतं अठ्ठावीस. माझ्याहून एक वर्षाने लहान! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

शिमल्यात त्याने विल्यम हॉवर्डबरोबर स्टुडिओ काढला. पुढे चार्ल्स शेफर्ड त्यात आला, हॉवर्ड बाहेर पडला आणि बोर्न अँड शेफर्ड हे नाव रूढ झालं. कामाची वाटणी चोख. शेफर्डने शिमल्यात बसून साहेब-मडमांचे फोटो काढायचे, छपाई आणि विक्री बघायची. बोर्नने डोंगरात जायचं. कोपऱ्यातला तो क्रमांक म्हणजे विक्रीच्या यादीतला नंबर. गिऱ्हाइकाने यादी बघून नंबर कळवायचा आणि स्टुडिओने त्या काचेवरून प्रत छापून द्यायची. कारकुनाची शिस्त अशी कामी आली.

आणि डोंगरात जायचं म्हणजे काय, हे आज खिशातला मोबाइल काढून फोटो घेणाऱ्याला सांगून पटणार नाही. त्या वेळी ओल्या काचेची पद्धत होती. आधी काच धुऊन-पुसून लख्ख करायची. तिच्यावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतून काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत सारखं पसरू द्यायचं. मग अंधाऱ्या तंबूत शिरून ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात चढवायची, फोटो घ्यायचा, आणि वाळायच्या आत पुन्हा तंबूत नेऊन डेव्हलप करायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. काच वाळली की संपलं. धुळीचा कण बसला, बोट लागलं, पाणी गढूळ निघालं, तरी संपलं. लहान निगेटिव्हवरून मोठी प्रत काढायची सोयही हाताशी नव्हती. बारा बाय दहा इंचांचं चित्र हवं तर काचही तेवढीच हवी. म्हणजे जिथे कॅमेरा जाणार तिथे तंबू जाणार, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, पाण्याची भांडी, सगळं बिऱ्हाड जाणार. बर्फात बोटं बधिर झालेली असताना हे करून बघावं. वारा थांबायची वाट बघत बसावं, तोवर ढग यावा आणि शिखर गडप व्हावं.

असं असूनही बोर्न २९ जुलै १८६३ ला शिमल्याहून निघाला, सतलजच्या खोऱ्याने चिनीला पोचला, पार स्पितीच्या हद्दीपर्यंत गेला आणि १२ ऑक्टोबरला १४७ चांगल्या निगेटिव्ह घेऊन परतला. बरोबर तीसेक हमाल. दुसरी मोहीम १८६४ ची. मार्चमध्ये लाहोरहून निघून कांगडा, चंबा करत काश्मीरला, आणि परत यायला डिसेंबर. हमालांचा आकडा बेचाळीसवर गेला होता. श्रीनगरच्या पॉप्लर झाडांच्या दुतर्फा रांगांचा त्याचा प्रसिद्ध फोटो याच फेरीतला. वाट सरळ आत जाते आणि टोकाला प्रकाशाचा एक ठिपका उरतो. त्या आल्बममध्ये हे पान आलं तेव्हा मी लॉकरचं रजिस्टर विसरून खुर्चीवर बसलो होतो.

गंमत म्हणजे या माणसाला हिमालय पुरता पटलेला नव्हता. त्याच्या डोळ्यांत इंग्लंडातलं निसर्गचित्र बसलेलं. पुढे झाड, मध्ये पाणी, मागे डोंगर. हिमालयात पाणी कमी, डोंगर चौकटीत मावणार नाही एवढे, आणि स्पितीत तर गवताचं पातं नाही. याबद्दल त्याने कुरकूर केली आहे. काश्मीरने त्याला हवं ते दिलं, म्हणून तिथले फोटो डोळ्यांना गोड लागतात. मला विचाराल तर त्याचे खरे मोठे फोटो ते, जिथे त्याचा हिशेब चुकला. तिसऱ्या मोहिमेतले.

३ जुलै १८६६ ला तो डॉ. प्लेफेअर नावाच्या सोबत्याबरोबर निघाला. कुलू, लाहौल, स्पिती आणि तिथून मणिरंग खिंड. त्याच्या मोजमापाप्रमाणे १८,६०० फूट. तिथे त्याने तंबू ठोकला, काच ओली केली आणि फोटो घेतले. इतक्या उंचीवर कोणी फोटो घेतलेला नव्हता आणि पुढे वीस वर्षं हा विक्रम टिकला. मग सतलज ओलांडून, बस्पा खोऱ्यातून तो गंगोत्रीकडे उतरला आणि थेट गोमुखाशी जाऊन उभा राहिला. आपल्या आज्या-पणज्या गंगेच्या पाण्याची गडूबंद कुपी देवघरात ठेवत, ते पाणी जिथून निघतं ती बर्फाची गुहा त्याच्या काचेवर उतरली. भाविकपणा त्याच्यात नव्हता. पण ते चित्र बघताना माझे हात जुळले, हेही खरं.

आता अडचणीची गोष्ट सांगतो. बोर्नने या प्रवासांची पत्रं लंडनच्या ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफीला पाठवली आणि ती छापली गेली. मला ती फार उशिरा वाचायला मिळाली. मी २००१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, दोन कादंबऱ्या आल्या होत्या, आणि बोर्न हा माझ्या मनातला जुना दोस्त झाला होता. त्या पत्रांत हमाल पळून जातात. एकदा ओझी वाटेत टाकून सगळे नाहीसे होतात. साहेब दणकट काठी घेऊन गावात शिरतो, घराघरांत लपलेल्यांना हुडकून बाहेर काढतो आणि काठीचा प्रसाद देतो. हे त्याने लपवलेलं नाही. फोटोसाठी किती त्रास सोसावा लागतो, त्या यादीत थंडी, पाऊस आणि हमाल अशी नोंद आहे.

मी पत्रं मिटून ठेवली. पुष्कळ दिवस उघडली नाहीत.

मग हिशेब मांडायची जुनी खोड आड आली. ही माणसं पळत का होती? डोंगरी मुलखात तेव्हा वेठ चालायची. साहेबाची स्वारी आली की गावाने माणसं पुरवायची, असा वरचा हुकूम. त्याला तिथे बेगार म्हणत. जुलै ते ऑक्टोबर हाच डोंगरातल्या शेतीचा हंगाम. वर्षाचं धान्य उभं असताना काचेची पेटी पाठीवर घेऊन चार दिवस चढ चढायचा, ते कशासाठी? तर एक साहेब डोंगराकडे तोंड करून काळ्या तंबूत ये-जा करणार म्हणून. शिवाय पेटीत काच. पाय घसरला तर काय होईल, हे साहेबाच्या काठीने आधीच सांगितलेलं. बोर्नच्या यादीत दोन हजारांच्या वर निगेटिव्ह झाल्या. प्रत्येकीला नंबर आहे. हमालांपैकी एकाचंही नाव त्यात नाही. आमच्या बँकेत जमेची बाजू भरून खर्चाची कोरी ठेवली असती तर संध्याकाळी टॅली झाली नसती आणि कोणी घरी गेलं नसतं.

ती बाजू भरायला लोकांना पुढे साठ वर्षं लागली. १९२१ च्या जानेवारीत कुमाऊँतल्या बागेश्वरला मकरसंक्रांतीच्या जत्रेत गावकऱ्यांनी बेगारीची रजिस्टरं सरयू नदीत फेकून दिली. त्याच सुमारास शिमल्याच्या डोंगरात, कोटगढला, सॅम्युअल स्टोक्स हा अमेरिकन माणूस बेगारीविरुद्ध लोकांच्या बाजूने उभा राहिला. कोटगढ बोर्नच्या चिनीच्या वाटेवरचंच. रजिस्टरं पाण्यात गेली हे वाचून बँकेतल्या माणसाला बरं वाटावं, असा प्रसंग आयुष्यात हा एकच.

बोर्नची पुढची हकिगत थोडक्यात आटोपते. १८६७ मध्ये तो लग्नासाठी मायदेशी गेला, मेरी टॉली या मुलीशी लग्न करून परत आला, आणि १८७० च्या अखेरीस मुंबईच्या बंदरातून कायमचा निघून गेला. उणीपुरी आठ वर्षं तो इथे होता. वय छत्तीस. नॉटिंगहॅमला मेव्हण्याबरोबर सुताचा कारखाना काढला, त्यात यश मिळवलं, गावचा मॅजिस्ट्रेट झाला. फावल्या वेळी जलरंगात चित्रं काढायचा. काठी चालवणारा हात न्यायनिवाड्याच्या कागदांवर सही करू लागला, त्याला ते गाव कधी आठवलं असेल का, कोणास ठाऊक. २४ एप्रिल १९१२ ला तो वारला.

काचा मात्र इथेच राहिल्या. कलकत्त्याच्या स्टुडिओत त्या जपून ठेवलेल्या होत्या आणि त्याच्यामागेही त्यांवरून प्रती छापल्या जात होत्या. १९९१ च्या फेब्रुवारीत स्टुडिओला आग लागली आणि तो संग्रह गेला. १९८९ साली लॉकरच्या खोलीत उभं राहून मी ते फोटो बघितले, तेव्हा त्यांच्या मूळ काचा शाबूत होत्या. स्टुडिओ त्यानंतरही चालू होता, २०१६ मध्ये बंद पडला. आल्बमचे मालक त्याआधीच गेले. मुलगा परदेशी. त्याने लॉकर सोडल्याचं एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. आल्बमचं काय झालं ते विचारायचा मला अधिकार नव्हता.

२०१४ मध्ये मी आणि सौ. किन्नौरला गेलो. बोर्नची चिनी म्हणजे आताचं कल्पा. गाडी खाली थांबली, हॉटेल वर चढावर. एक नेपाळी मुलगा आला. आमच्या दोन्ही बॅगा दोराने बांधून पट्टा कपाळावर घेतला आणि आमच्या पुढे चालू लागला. आम्ही दर वीस पावलांवर थांबत होतो. तोही थांबायचा, बॅगा न उतरवता. वळणावर एकदम समोर किन्नर कैलास आला, मावळतीच्या उन्हात पेटल्यासारखा. मी कॅमेरा काढला. तो मुलगा मध्ये होता. मी काही बोलायच्या आत त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ओझ्यासकट दोन पावलं बाजूला सरकला. मी बटण दाबलं.

फोटो उत्तम आला. सौ.नी तो हॉलमध्ये लावला आहे. त्या संध्याकाळी हॉटेलात पोचून पैसे देताना मला काहीतरी सुचलं, मी त्याला डोंगरापुढे उभा करून एक फोटो घ्यायचा म्हणून खोलीतून कॅमेरा आणायला गेलो. बाहेर आलो तर तो नव्हता. खाली दुसरी गाडी लागली होती, आणि तो उताराने पळत निघाला होता.