शिपायांचा बातमीदार : अर्नी पाईल

युद्धकथा म्हटली की डोळ्यांपुढे सेनापती येतात, नकाशे येतात. अर्नी पाईलच्या लेखनात त्यांना फारशी जागा नाही. तिथे आहेत चिखल, ओले बूट आणि घरच्या पत्राची वाट पाहणारी पोरे, त्यांच्या नावागावांसकट. म्हणूनच हा अमेरिकन वार्ताहर मला जवळचा वाटतो.

इंडियाना राज्यातील डेना या खेड्याजवळ एका शेतकरी कुटुंबात ३ ऑगस्ट १९०० रोजी तो जन्मला. पदवी अगदी हाताशी आली असताना १९२३ साली त्याने विद्यापीठ सोडले आणि एका लहानशा वृत्तपत्रात नोकरी धरली. (आमच्या प्राध्यापकवर्गाने इकडे कानाडोळा करावा!) वॉशिंग्टनला तो संपादकाच्या खुर्चीवरही बसला, पण तिथे त्याचे मन रमले नाही. १९३५ पासून पत्नी जेरीसह देशभर हिंडावे आणि भेटेल त्या सामान्य माणसाविषयी लिहावे, हाच त्याचा व्यवसाय झाला.

हीच सवय त्याने रणांगणावर नेली. लंडन, उत्तर आफ्रिका, सिसिली, मग इटली. तिथे सान पिएत्रोच्या डोंगरावर डिसेंबर १९४३ मध्ये कॅप्टन वॉस्को पडला. चांदण्या रात्री खेचराच्या पाठीवरून त्याचा देह खाली आला. शिपाई एकेक करून जवळ आले. एक जण बराच वेळ त्याचा हात हातात घेऊन बसला आणि जाताना त्याने कॅप्टनची कॉलर नीट केली. पाईलने एवढेच लिहिले. रडणे त्याने वाचकावर सोपवले.

१९४४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पायदळाच्या शिपायाला लढाईचा वेगळा भत्ता हवा, असे त्याने लिहिले आणि त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने दरमहा १० डॉलरचा भत्ता मंजूर केला. माझ्या मते हे पारितोषिक अधिक मोठे.

त्याच्या वृत्तांतांवरून विल्यम वेलमनने ‘द स्टोरी ऑफ जी. आय. जो’ हा चित्रपट काढला. वॉस्कोचा वॉकर झाला, पण खेचराचा प्रसंग राहिला. शिपायांच्या गर्दीत इटलीत खरोखर लढलेले जवान उभे केले होते. चित्रीकरण संपवून ते पॅसिफिकच्या आघाडीवर गेले. त्यांतले कित्येक परतले नाहीत. अशा चित्रपटाला नुसता अभिनय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २००८ साली दूरचित्रवाणीवर आलेली ‘जनरेशन किल’ ही सात भागांची मालिका याच वाटेची. इव्हान राइट या वार्ताहराच्या इराक युद्धावरील लेखनातून ती उभी राहिली आणि तिच्यात एका जवानाने स्वतःचीच भूमिका केली.

आपल्यावरचा चित्रपट १९४५ च्या उन्हाळ्यात प्रदर्शित झाला, तेव्हा पाईल हयात नव्हता. १८ एप्रिलला ओकिनावाजवळच्या इए शिमा बेटावर मशीनगनचा मारा सुरू झाला. तो खंदकात शिरला, सोबत्यांची खुशाली पाहायला त्याने डोके वर काढले, आणि गोळी लागली. त्याला तिथेच पुरले. एका बाजूला पायदळाचा साधा शिपाई, दुसऱ्या बाजूला इंजिनियर दलाचा जवान.