विश्लेषण : ‘सर्च’मध्ये योग्य पान वर कसे येते? कॅरेन स्पार्क जोन्स यांचे सूत्र काय सांगते?

प्रणाली बंद पडली आहे, ग्राहक खोळंबले आहेत आणि अभियंता सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशन संकेतस्थळावर ‘टाइमझोन एरर’ शोधतो आहे. उत्तर तिथे आहे, पण यादीत चाळिसावे. त्याच्या वर आहेत ती ‘एरर’ हा शब्द पुन्हा पुन्हा आलेली पाने. या दोन शब्दांपैकी महत्त्वाचा कोणता, हे संगणकाला कसे कळावे? याचे आजही वापरात असलेले उत्तर ब्रिटिश संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दिले.

कोण होत्या स्पार्क जोन्स?

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १९३५ रोजी इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे अध्यापक, आई नॉर्वेची. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्यांनी आधी इतिहास आणि मग तत्त्वज्ञान शिकले. काही काळ शाळेत शिकवल्यानंतर त्या मार्गारेट मास्टरमन यांच्या केंब्रिज लँग्वेज रिसर्च युनिटमध्ये दाखल झाल्या. तिथे यंत्राला भाषा कशी समजेल, यावर काम चाले. १९५८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ रॉजर नीडहॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९६४ मध्ये त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण केला. विषय होता समानार्थी शब्द आणि अर्थानुसार वर्गीकरण.

सूत्र नेमके काय आहे?

शब्द पानात किती वेळा आला, हे मोजण्याची कल्पना आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५०च्या दशकातच मांडली होती. स्पार्क जोन्स यांनी दुसरी बाजू पाहिली : तो शब्द एकूण किती दस्तऐवजांत आहे? जितक्या कमी ठिकाणी, तितके त्याचे वजन जास्त.

समजा, संकेतस्थळावर १०,००० पाने आहेत. ‘एरर’ ५,००० पानांवर आहे, भागाकार २. ‘टाइमझोन’ फक्त १० पानांवर, भागाकार १,०००. हा फरक आटोक्यात ठेवण्यासाठी लॉगरिदम घेतला जातो. दोनच्या पायाने घेतल्यास वजने होतात १ आणि सुमारे १०. म्हणजे ‘टाइमझोन’ असलेले पान आपोआप वर सरकते. हे त्यांनी काही शे दस्तऐवजांच्या तीन संचांवर तपासून दाखवले. या मापाला ‘इन्व्हर्स डॉक्युमेंट फ्रीक्वेन्सी’, म्हणजेच ‘आयडीएफ’ म्हणतात.

पुढे काय झाले?

१९७६ मध्ये स्टीफन रॉबर्टसन यांच्यासह त्यांनी शब्दांच्या वजनाला संभाव्यतेच्या गणिताचा आधार दिला. त्या वाटेवरूनच रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ‘बीएम२५’ हे सूत्र घडवले. त्यात पानाची लांबीही धरली जाते. त्यामुळे लांबलचक पान केवळ शब्दसंख्येच्या बळावर वर येत नाही. अनेक संकेतस्थळांच्या सर्चमागे असलेल्या ‘लुसीन’ या मुक्त सॉफ्टवेअरने २०१६ मध्ये बीएम२५ हीच मूळ पद्धत केली.

केंब्रिजमध्ये मात्र स्पार्क जोन्स यांनी अनेक वर्षे मुदतीच्या संशोधन अनुदानांवरच काम केले. प्राध्यापकपद मिळाले ते १९९९ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. संगणक क्षेत्रात अधिक स्त्रिया याव्यात, यासाठी त्या सतत आग्रही राहिल्या. ४ एप्रिल २००७ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

सूत्र पुरेसे आहे का?

नाही. आयडीएफला शब्द दुर्मीळ आहे एवढेच कळते. तो उपयोगाचा आहे की चुकीचा टंकलेला, हे कळत नाही. जुन्या आवृत्तीचे पान आणि नव्या आवृत्तीचे पान त्याला सारखेच. म्हणून डॉक्युमेंटेशन सांभाळणाऱ्यांना शीर्षकातील शब्दाला जास्त वजन देणे, चालू आवृत्तीला प्राधान्य देणे, फंक्शनची नावे तुकडे न करता नोंदवणे अशी कामे करावीच लागतात.

बदल उपयोगी ठरला का, हे ठरवण्याची शिस्तही स्पार्क जोन्स यांच्या कामात सापडते. ठरावीक प्रश्न, त्यांची माणसांनी तपासलेली योग्य उत्तरे आणि प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी, असे सामाईक चाचणी संच असावेत, असा त्यांचा आग्रह होता. संकेतस्थळ चालवणाऱ्याला याची छोटी आवृत्ती सहज करता येते. सर्चच्या नोंदींतून नेहमी विचारले जाणारे ५० प्रश्न निवडायचे, प्रत्येकाचे योग्य पान ठरवायचे आणि रँकिंग बदलल्यावर ते पहिल्या पाचांत येते का, हे पाहायचे. ‘टाइमझोन एरर’चे पान चाळिसावरून वर आले, पण त्यापायी दुसरी दहा पाने खाली गेली, तर तेही याच चाचणीत दिसते.